संगणक आठवण कुठे ठेवतो? पंच कार्ड ते पेन ड्राइव्ह

(धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.)

संगणक एखादी फाइल ‘साठवतो’ म्हणजे नेमके काय करतो? कुठल्या तरी पदार्थात तो असा बदल घडवतो, जो वीज गेल्यावरही टिकेल आणि पुढे ओळखता येईल. कागदाला भोक पडते, लोहकणांच्या चुंबकत्वाची दिशा फिरते, प्लास्टिकमध्ये सूक्ष्म खळगा उमटतो किंवा सिलिकॉनच्या एका कप्प्यात काही इलेक्ट्रॉन कोंडले जातात. अवस्था दोनच, ‘आहे’ किंवा ‘नाही’. अशा एका नोंदीला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. एका रोमन अक्षराला सहसा एक बाइट पुरतो. (आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी ‘क’ला तीन बाइट लागतात आणि वेलांटीचे आणखी तीन. म्हणजे ‘की’ लिहिली की सहा बाइट खर्ची पडले!)

आरंभीच एक गल्लत दूर करू. ‘मोबाइलची मेमरी भरली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपल्याला स्टोरेज अभिप्रेत असते. संगणकाची रॅम ही कामाच्या वेळेपुरती पाटी असते. वीज जाताच ती कोरी होते. स्टोरेज म्हणजे दप्तरखाना. या धाग्याचा विषय मुख्यतः दप्तरखाना हा आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या विषयाची ओढ वाटते ती साधने कशी जतन होतात या प्रश्नामुळे. शिलालेख आणि ताम्रपट डोळ्यांनी वाचता येतात. पंच कार्डही, नेट लावला तर, डोळ्यांनी वाचता येते. त्यानंतर मात्र नोंद आणि वाचक यांच्यामध्ये यंत्र येऊन बसले. तेव्हापासून नोंदीला दोन मरणे आहेत: पदार्थ झिजून येणारे आणि वाचणारे यंत्र नाहीसे होऊन येणारे. दुसरे अनेकदा पहिल्याच्या आधी येते.

प्रारंभ मागावर झाला. फ्रान्समधील लियाँ हे रेशमी कापडाचे शहर. तेथे जोसेफ मारी जाकार्द याने १८०४च्या सुमारास असा माग सिद्ध केला, की कापडावरील नक्षी पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्यांच्या माळेत बांधलेली असे. भोक असेल तेथे सुई आत जाई, ताण्यातील तो धागा उचलला जाई. भोक नसेल तेथे धागा जागीच राही. पट्ट्यांची माळ बदलली की त्याच मागावर निराळी नक्षी उतरे. विणकराच्या हातातली कसब अशी त्याच्यापासून सुटी करून कपाटात ठेवता येऊ लागली.

हीच युक्ती अमेरिकेत माणसे मोजण्याच्या कामी आली. १८८०च्या जनगणनेचे काम पुरे व्हायला सात-आठ वर्षे लागली होती. त्या कार्यालयात काम केलेल्या हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याने पुढच्या, म्हणजे १८९०च्या जनगणनेसाठी यंत्र बनवले. प्रत्येक व्यक्तीसाठी एक कार्ड. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय अशा गोष्टी कार्डावरील भोकांच्या जागांनी दाखवलेल्या. कार्ड यंत्रात ठेवून दांडा खाली ओढला की त्यावर पिनांचा ताफा उतरे. भोक असेल तेथून पिन आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, विद्युतमंडल पुरे होई आणि समोरच्या तबकडीवरील काटा एका घराने पुढे सरके. सव्वासहा कोटी लोकसंख्या अशा तऱ्हेने मोजली गेली. हॉलरिथने १८९६ मध्ये स्थापलेली कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या समूहाने नाव घेतले आयबीएम.

या जनगणनेची उत्तरकथा सहसा सांगितली जात नाही. कार्डांवर माणसांची नावे नव्हती. यंत्राला बेरजा हव्या होत्या, नावांशी त्याला कर्तव्य नव्हते. नावे होती ती घरोघर जाऊन हाताने भरलेल्या मूळ तक्त्यांवर. १० जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. ज्वाळा, धूर आणि आग विझवण्यासाठी मारलेले पाणी यांनी ते तक्ते खराब केले. उरलेले कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. १९३३च्या फेब्रुवारीत काँग्रेसने ते नष्ट करण्यास संमती दिली, आणि त्याच आठवड्यात राष्ट्रीय अभिलेखागाराच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. आज त्या सव्वासहा कोटींपैकी जेमतेम सहा हजारांवर नावे उपलब्ध आहेत. बेरजा छापील अहवालांत सुखरूप आहेत. यंत्रासाठी केलेल्या नोंदीत यंत्राला लागते तेवढेच उतरते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

१९२८ मध्ये आयबीएमने ऐंशी स्तंभांचे कार्ड आणले. एका कार्डावर ऐंशी अक्षरे. म्हणजे या धाग्याएवढा मजकूर साठवायला शंभराहून अधिक कार्डांची चवड लागली असती, आणि ती हातातून निसटून विस्कटली की क्रम पुन्हा लावत बसायचे.

कार्डांची जागा चुंबकीय फितीने घेतली. १९५१ मध्ये युनिव्हॅक हा संगणक फितीसह आला आणि त्याचा पहिला ग्राहक होता, पुन्हा एकदा, अमेरिकेचा जनगणना विभाग. ती फीत प्लास्टिकची नसून धातूची होती. फितीत पुष्कळ मावते, पण कॅसेट वापरलेल्यांना तिची अडचण सांगायला नको: चौथे गाणे ऐकायचे तर आधीची तीन गुंडाळावीच लागतात.

ही अडचण कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेने सोडवली. १९५६ साली त्यांनी जगातील पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली. एकावर एक रचलेल्या पन्नास तबकड्या, प्रत्येकीचा व्यास दोन फूट, मिनिटाला बाराशे फेरे, वजन सुमारे एक टन. ती हलवायला फोर्कलिफ्ट लागे. क्षमता पन्नास लाख अक्षरे, आजच्या हिशेबात पावणेचार मेगाबाइट. मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटो तीत कसाबसा बसेल. पण हसण्याआधी तिने काय साधले ते पाहावे. वाचणारा दांडा हव्या त्या तबकडीच्या हव्या त्या वर्तुळावर थेट जाऊ शकत होता. गाठोडे सोडत बसण्याऐवजी खातेवहीचे हवे ते पान उघडावे तसे. कोठारातील अमुक मालाचा साठा आत्ता किती, या प्रश्नाला उत्तर ‘आत्ता’ मिळू लागले. आजचे बँकेचे व्यवहार आणि रेल्वेचे आरक्षण या एका सोयीवर उभे आहे.

खातेवहीची उपमा आणखी थोडी ताणतो, कारण नवख्या वाचकाला ती उपयोगी पडेल. डिस्कवर मजकुराच्या पानांखेरीज एक अनुक्रमणिका असते. आपण फाइल ‘डिलीट’ करतो तेव्हा हार्ड डिस्कवर बहुधा अनुक्रमणिकेतली ओळ तेवढी खोडली जाते. पान तसेच राहते, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणून चुकून पुसलेले फोटो कधी कधी परत मिळतात, आणि म्हणूनच जुना संगणक विकताना सावध राहावे लागते.

याच काळात रॅमचे काम करणारी एक विलक्षण वस्तू होती: फेराइट कोअर. मोहरीएवढ्या चुंबकीय कड्या आणि त्यांतून उभ्या-आडव्या ओवलेल्या बारीक तारा. एक कडी म्हणजे एक बिट. कडी वाचली की तिच्यातली नोंद पुसली जाई, म्हणून वाचून झाल्यावर लगेच पुन्हा लिहावी लागे. ही ओवणी मुख्यत्वे हातांनी होई, आणि ते हात बहुतांशी स्त्रियांचे होते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातील कायमस्वरूपी आज्ञा तर मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे स्त्री कामगारांनी तारा ओवून ‘विणल्या’ होत्या: तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. जाकार्दचा माग दीड शतकानंतर असा परत आला. या विणणाऱ्यांची नावे इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतात.

आपल्याकडील धागा येथे जुळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात फेराइट कोअरच होते: प्रत्येकी चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार केला तर सुमारे ८२ हजार बिट, म्हणजे दहा किलोबाइट. एवढ्या जागेत त्या काळच्या शास्त्रज्ञांनी आपली गणिते बसवली.

फ्लॉपीविषयी थोडक्यात. १९७१ मध्ये आयबीएमने आठ इंची फ्लॉपी आणली, तीही मोठ्या संगणकांना सुरुवातीच्या आज्ञा भरवण्यासाठी. ती आक्रसत साडेतीन इंचांवर आली, १.४४ मेगाबाइटवर स्थिरावली आणि आता ‘सेव्ह’च्या चित्रापुरती उरली आहे. तरी जपानच्या सरकारी नियमांतून तिची सक्ती हद्दपार व्हायला २०२४ उजाडले.

आता दुसऱ्या मरणाची गोष्ट. १०८६ साली इंग्लंडमध्ये विल्यम राजाच्या आज्ञेने जमीन, गुरे, गिरण्या यांची पाहणी होऊन एक ग्रंथ सिद्ध झाला, ‘डूम्सडे बुक’. त्याला नऊशे वर्षे झाली त्या निमित्ताने १९८६ मध्ये बीबीसीने आधुनिक डूम्सडे प्रकल्प केला. देशाचे चार बाय तीन किलोमीटरचे चौकोन पाडले. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या परिसराची वर्णने आणि छायाचित्रे पाठवली. सारे दोन मोठ्या लेसर तबकड्यांवर साठवले. लेसरने वाचल्या जाणाऱ्या तबकडीवर काही घासत नाही, त्यामुळे ती झिजत नाही. साठवणुकीसाठी याहून चांगले साधन त्या वेळी दिसत नव्हते. पण त्या वाचायला खास प्रकारचा प्लेअर आणि बीबीसीचा विशिष्ट संगणक लागे, संचाची किंमत पाच हजार पौंडांच्या घरात. बहुतेक शाळांना तो परवडला नाही. पंधरा वर्षांत प्लेअर दुर्मिळ झाले, त्या जातीचा संगणक बाजारातून गेला. तबकड्या शाबूत, पण मुकाट. चर्मपत्रावरचा १०८६चा ग्रंथ मात्र त्याच वेळी लंडनच्या अभिलेखागारात उघडून वाचता येत होता.

आपल्याला हा प्रकार अपरिचित नाही. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणवले तेव्हा त्यांवरील लेख जसाच्या तसा होता. वाचणारा कोणी नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली तेव्हा ते स्तंभ पुन्हा बोलू लागले. फरक इतकाच, की दगडाने दोन हजार वर्षे वाट पाहिली; डिजिटल नोंद इतकी थांबत नाही. डूम्सडेच्या बाबतीत संशोधकांनी २००२च्या सुमारास जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर लिहून ती सामग्री वाचून दाखवली. २०११ मध्ये मुलांच्या नोंदींचा भाग बीबीसीने संकेतस्थळावर आणला. २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद झाले. त्याची प्रत आता ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेब-संग्रहात आहे.

आज आपल्या खिशात असते ती फ्लॅश मेमरी. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. एका क्षणात मोठा भाग पुसला जातो हे पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, त्यावरून हे नाव पडले. (शोधाच्या मोबदल्यासाठी मासुओकांना पुढे कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले, २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.) हिच्यात फिरणारा भाग नाही. चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे, एवढेच तत्त्व. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी ही सर्व तिचीच रूपे. हिसका बसला तरी तिचे सहसा बिघडत नाही, वेगही मोठा. मात्र प्रत्येक पुसण्या-लिहिण्याने रोधकाचा थर थोडा झिजतो आणि कोंडलेले इलेक्ट्रॉन कालांतराने झिरपतात. त्यामुळे लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर टाकून तो दहा वर्षे कपाटात बंद ठेवणे ही साठवण नव्हे. फोटो किमान दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर असावेत, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, आणि वर्षातून एकदा उघडून पाहावे.

मोठ्या संस्था काय करतात? त्यांच्याकडे फीत अजून आहे. २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींनाही दोषाची झळ पोहोचली होती. गूगलने ती पत्रे परत आणली ती संगणकापासून अलग ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. आणि फीत गुंडाळायला वेळ लागतो म्हणून सगळ्यांना आपली पत्रे मिळेपर्यंत काही दिवस गेले.

आज प्रचलित असलेल्या एलटीओ जातीच्या नवव्या पिढीच्या एका फितीवर अठरा टेराबाइट मावतात. सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचत. आठव्या आणि नवव्या पिढीत एकाच मागील पिढीचा भरवसा उरला. दर काही वर्षांनी अभिलेखागारातील माणसे जुन्या फिती काढून, त्यांवरील सर्व मजकूर नव्या फितींवर उतरवून ठेवतात.