बटाट्याचे माहेर

एकादशीच्या फराळात बटाटा निःशंकपणे पानात पडतो. पण तो परदेशातून आला, याचे स्मरण क्वचितच कुणाला होते. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातील अँडीज पर्वताच्या पठारांवर. टिटिकाका सरोवराच्या परिसरात त्याची लागवड हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली. भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला. 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याकडूनच आपल्याला मिळाला.

पेरूतील क्वेचुआ शेतकऱ्यांचे जीवन सांबऱ्याच्या वाचकाला परके वाटू नये. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत ते बटाटे रात्रभर उघड्यावर पसरतात, गोठलेले कंद पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढतात आणि उन्हात सुकवतात. 'चुन्यो' नावाचे हे वाळवण वर्षानुवर्षे टिकते. एकमेकांच्या शेतात राबून श्रमाची परतफेड करण्याच्या प्रथेस ते 'आयनी' म्हणतात. आपली सावड ती हीच. 'पाचामामा' म्हणजे धरणीमाता. तिला मक्याच्या पेयाचा पहिला घोट वाहणारा तो शेतकरी, वेळ अमावास्येला शिवारात पूजा मांडणाऱ्या उत्तर कर्नाटकातील शेतकऱ्याचा सोयराच म्हणावा लागेल.

भेद आहे तो जतनाचा. कुस्कोजवळील पिसाक खोऱ्यातील गावांनी बटाट्याचे शेकडो वाण नावानिशी सामाईकपणे राखले आहेत. आपल्याकडे मात्र रोजंदारीपुढे सावड मागे पडली आणि तिचे शब्द जाणणारी पिढी थकत चालली आहे. ग्रंथालयाने १०० वर्षे छापील अक्षर सांभाळले. आता या वृद्धांच्या तोंडची शेतीची भाषाही नोंदवून ठेवावी. शताब्दीचे याहून उचित कार्य कोणते?