धूळ आणि हंगामी ताप

नांदेड-लातूरच्या जिनांत कापसाचा हंगाम आला की खोकला-ताप येई. 'हवा बदलली' असे मुकादम म्हणे, आणि आम्हीही पुष्कळ वर्षे तेच मानले.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा काही हवेने आणला नव्हता. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला आणि माणसांबरोबर रेल्वेने देशभर गेला. नांदेडला मनमाडचा रूळ होता, लातूरला बार्शी लाइट रेल्वे. खरा संहार सप्टेंबर-ऑक्टोबरात झाला. माणसातला विषाणू सापडला १९३३ साली!

मग धूळ निर्दोष? २०२० मध्ये गिनीपिगांवरच्या प्रयोगात धुळीच्या कणांवर बसूनही विषाणू दुसऱ्या प्राण्यापर्यंत पोचला. प्रयोग जनावरांवरचा, हे आम्ही जाणतो. पण झाडणाऱ्या बायांसाठी, झाडण्याआधी पाणी शिंपडा, एवढे मागायला तो पुरे आहे.