मुकी कमांड

२००६ सालचा उन्हाळा. गोंदिया जिल्ह्यातलं आमचं गाव आणि भारनियमनाचे दिवस. आजीच्या आवाजातल्या रोवणीच्या गाण्यांच्या चार कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. आजी जाऊन दोन वर्षं झालेली, कॅसेटींना बुरशी लागलेली. आता या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायच्या आणि मशीन फॉरमॅट करायचं, असा बेत होता.

एक मिनिटाचा आवाज म्हणजे साधारण १० एमबी. तासातासाच्या चार कॅसेटी म्हणजे अडीच जीबीच्या आसपास. माझं जुनं यूएसबी सेकंदाला जेमतेम एक एमबी ढकलायचं. लिनक्सवर 'सीपी' कमांड दिली, एंटर दाबलं... आणि समोर नुसता काळा पडदा! टक्का नाही, पट्टी नाही. चाललंय की अडकलंय, देव जाणे. लाइट जायची वेळ मात्र जवळ येत होती.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, हा मुकेपणा म्हणजे चूक नव्हे, जुना रिवाज आहे. युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येही सीपी आहे. तेव्हा बहुतेक ठिकाणी पडद्याऐवजी टेलिटाइप असे, सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकणारं यंत्र. बडबड म्हणजे कागदही वाया आणि वेळही. १९७३ मध्ये पाइप आले, एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याच्या पोटात जाऊ लागलं. मग तर जादा ओळ म्हणजे तांदळातला खडा. बिनसलं तरच बोलायचं, एरवी गप्प.

पण वाट पाहणाऱ्या माणसाचं काय? १९८५ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ब्रॅड मायर्स यांनी निबंधच लिहिला, की किती काम झालं हे दिसलं तर माणसाला बरं वाटतं. १९९६ मध्ये ट्रिजेल आणि मॅकेरास यांचं 'आरसिंक' आलं, त्यात 'प्रोग्रेस'चा पर्याय मिळाला. 'डीडी'ला असा पर्याय मिळायला २०१५ उजाडलं. लिनक्सवरचं नेहमीचं सीपी अजूनही मुकंच आहे.

तर त्या दिवशी व्हायचं तेच झालं. लाइट गेली. परत आल्यावर पाहिलं तर दोन गाण्यांच्या फायली पूर्ण, तिसरी अर्धवट, चौथीचा पत्ता नाही. नशीब, मूळ फायली पुसल्या नव्हत्या. मग आरसिंक चालवलं. पूर्ण झालेल्या त्याने सोडून दिल्या, उरलेल्या घेतल्या. टक्के सरकताना पाहून जीव भांड्यात पडला.

पण खरा धडा पुढेच होता. १०० टक्के दिसले म्हणजे माल पोचला असं नाही. बराचसा मजकूर अजून मेमरीत असतो, 'सिंक' दिलं की तो डिस्कवर उतरतो. मला आजोबांची आठवण झाली. गोंदियाला सातपुड्याची नॅरोगेज ब्रॉडगेजला भेटायची, तेव्हा रूळ बदलला की पोती हाताने इकडून तिकडे करावी लागत. आजोबा सांगायचे, पोती उतरवताना मोजायची आणि चढवल्यावरही मोजायची. मधल्या धावपळीवर विश्वास नाही!

मीही दोन्हीकडच्या फायलींचे चेकसम काढून ताडून पाहिले. जुळले. तरीही चारही फायली उघडून ऐकल्या, आणि मगच मशीन फॉरमॅट केलं.

असो. आजी अजून गाते आहे.