चार कोर आणि एक बेरीज

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. किती कोरचा घेऊ?" मी म्हटलं, "अरे, आधी तुझा प्रोग्रॅम काय करतो ते सांग." तो गप्प. २००८ साली जालन्यातल्या दुकानात मीही असाच गप्प उभा होतो!

तेव्हा बदनापूरकडच्या आमच्या शेताच्या आसपासच्या विहिरींचं एक छोटं मॉडेल मी फोरट्रानमध्ये लिहिलं होतं. पाऊस किती मुरतो, उपसा किती होतो, उन्हाळ्यात पाणी कुठवर खाली जाईल, वगैरे. अण्णांना मोसंबीची आणखी दोनशे झाडं लावायची होती आणि ते उत्तराची वाट बघत होते. जुन्या मशिनवर रन संपायच्या आत भारनियमन सुरू व्हायचं.

पर्याय दोन होते. ३ गिगाहर्ट्झचा कोअर टू ड्युओ, किंवा २.४ गिगाहर्ट्झचा कोअर टू क्वाड. २००४च्या सुमारास प्रोसेसरचा वेग उष्णतेपायी अडला आणि कंपन्यांनी वेगाऐवजी कोर वाढवायला सुरुवात केली, त्याचं हे फळ. चार म्हणजे दोनाच्या दुप्पट, असा साधा हिशोब करून मी क्वाड घेतला. घरी येऊन प्रोग्रॅम चालवला, तर एकच कोर राबतोय आणि तीन नुसते बसलेत!

कारण सोपं होतं. काम वाटून द्यायला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा जुना जी७७ कंपायलर ओपनएमपी जाणतच नव्हता. जीसीसीच्या २००७ सालच्या ४.२ आवृत्तीपासून जीफोरट्रानमध्ये ती सोय आली, तीही फुकट. मग तो घेतला.

हा धडा आपल्या पुण्यात आधीच गिरवून झाला होता. परदेशी सुपरकॉम्प्युटर मिळवताना अटी आणि अडथळे येत होते, म्हणून १९८८ साली सीडॅक सुरू झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख. १९९१चा परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांची मोट बांधून केलेला. पण नुसती मोट बांधून भागलं नाही, त्यावर काम वाटून देणारं 'पारस' हे सॉफ्टवेअरही करावं लागलं. बैल कितीही असोत, जुंपल्याशिवाय नांगर चालत नाही.

तर मी जुंपले. रन झपाट्याने संपला, पाणी भरपूर दिसलं. अण्णांना सांगायला उठणार, तेवढ्यात सहज पुन्हा चालवला. उत्तर वेगळं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. अंगावर काटा आला.

परममध्ये प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र होती. माझ्या चार कोरांची एकच. सगळ्या विहिरींच्या उपशाची बेरीज चौघं एकाच जागी एकाच वेळी लिहीत होते, एकाचं लिहिलेलं दुसरा पुसत होता. म्हणून उपसा कमी आणि पाणी जास्त दिसत होतं! प्रत्येकाची बेरीज वेगळी ठेवून शेवटी एकत्र करायची, एवढी एक सूचना लिहिली आणि उत्तर जुन्या मशिनशी जुळलं. पाणी पुरणार नव्हतं.

अण्णांनी झाडं लावली नाहीत. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, आमचीही अर्धी गेली. मॉडेलने दुष्काळ ओळखला नव्हता, तसा दावा नाही. पण ती चुकीची बेरीज मी सांगितली असती, तर आणखी दोनशे झाडं डोळ्यांदेखत गेली असती.

भाच्याला आणखी एक गणित सांगितलं, १९६७ सालचं अ‍ॅमडालचं. प्रोग्रॅमचा दहा टक्के भाग वाटता येत नसेल, तर चार कोरांवर तो जेमतेम तिप्पट वेगाने चालेल, आणि हजार कोर लावले तरी दहापट गाठणार नाही. तेव्हा आधी मोज, मग पैसे घाल. आणि पहिला रन एकाच कोरवर करून ते उत्तर कागदावर लिहून ठेव.

असो. कॉम्प्युटर अजून घेतलेला नाही त्याने. मोजतोय म्हणे.