आधी राखणदार, मग पाहुणे

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सुट्टीत बगळे आणि पाणकोळी पाहणाऱ्यांना वाटते, पर्यटनानेच पक्षी वाचवले. इतिहास उलटे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची कत्तल चाले. त्यांच्या पाठीवरची तलम, जाळीदार पिसे विणीच्या हंगामातच फुटत. त्यामुळे आईबाप मेले की घरट्यातली पिल्लेही उपाशी मरत. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पेलिकन बेट राखीव केले आणि पॉल क्रोगेल तिथले रखवालदार झाले. १९०५ मध्ये गाय ब्रॅडली या रखवालदाराला शिकाऱ्याच्या गोळीने प्राण गमवावे लागले. कुणी म्हणेल, फॅशन बदलली म्हणून पक्षी वाचले. पण पिसांच्या व्यापाराचे केंद्र असलेल्या न्यूयॉर्कने १९१० मध्ये कायदाच केला, तेव्हा या धंद्याचा कणा मोडला. दुर्बीण डोळ्यांना लावताना राखणदारांचे हे ऋण आठवावे.