मण्यांवर मोजलेला श्वास

रोगनिदानात वैद्याला यंत्राने साह्य करावे, ही कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे डी डोम्बल यांनी १९७२ साली पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणकाची परीक्षा घेतली. संगणकाचे निदान सुमारे ९२ टक्के रुग्णांत बरोबर ठरले, अनुभवी डॉक्टरांचे सुमारे ८० टक्क्यांत. त्याच दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ ही प्रणाली रचली. गंभीर जंतुसंसर्गात कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती सुचवी; १९७९ च्या परीक्षणात तिचे सल्ले तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. तरीही नित्याच्या रुग्णसेवेत ‘मायसिन’ कधी आलीच नाही. प्रश्नोत्तरांत वेळ फार जाई, आणि सल्ला चुकल्यास उत्तरदायी कोण, हेही अनिर्णित होते. यंत्र अचूक असले म्हणजे ते स्वीकारले जातेच, असे नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रात, गडचिरोलीत घडले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ च्या सुमारास बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला. जलद श्वास हे या रोगाचे मुख्य लक्षण. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ वा अधिक, आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास वा अधिक असेल, तर न्यूमोनिया समजावा. परंतु गावातील अनेक दायांना पन्नास-साठपर्यंत अंक येत नसत. म्हणून त्यांच्यासाठी एक श्वासमापक बनवला गेला: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी मर्यादेचा मणी आला, तर औषध सुरू करायचे. दाईला दहापर्यंत मोजता आले की पुरे.

निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यकर्ते व दाया यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. माझ्या मते या यशात मण्यांइतकाच वाटा दाईच्या हाती दिलेल्या औषधाचा आहे. निदान तिने करावे आणि गोळीसाठी दहा कोस चालावे, अशी योजना असती तर तो मापक फळीवर धूळ खात पडला असता. शासकीय सेवेत आयुष्य घालवल्यावर असे धूळ खाणारे साहित्य पुष्कळ पाहावयास मिळते!

पुढे ३९ गावांत नवजात बालकांची घरीच सेवा सुरू झाली. गावातील प्रशिक्षित स्त्रिया ठरावीक लक्षणांवरून जंतुदोष ओळखत आणि जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. केंद्र शासनाने २०११ मध्ये ही गृहभेटींची पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवली. आपल्या माळव्यातल्या खेड्यांत आशा बाळाचे वजन व ताप पाहते, घड्याळ लावून श्वास मोजते, ते याच परंपरेतून. इंजेक्शनचा अधिकार मात्र तिला दिला गेला नाही. २०१४ मध्ये तो परिचारिकेला मिळाला, तोही रुग्णालयात पाठवण्यापूर्वीच्या पहिल्या मात्रेसाठी किंवा पाठवणे अशक्य असेल तेव्हा.