डोळ्यांपुढील ठिपके, चमका व सावल्या

डोळ्यांपुढील ठिपके, चमका व सावल्या : समोर प्रत्यक्षात तशी कोणतीही वस्तू नसताना काळे ठिपके, तंतू, प्रकाशाच्या चमका, वेड्यावाकड्या रेषा किंवा सावली दिसणे. यांतील बहुतेक अनुभव निरुपद्रवी असतात. काही मात्र डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, इजा होत असल्याची पहिली सूचना असतात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे ही सूचना दुखण्याविना येते. ‘दुखत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा समज म्हणूनच घातक ठरतो. लक्षण नवे आहे का, एका डोळ्यात आहे की दोन्ही, आणि किती वेळ टिकते, हे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

ठिपक्यांचा उगम : नेत्रगोलाचा सु. ४/५ भाग काचाभ पिंडाने व्यापलेला असतो. अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा हा पारदर्शक पदार्थ सु. ९८ ते ९९ टक्के पाणी असून त्यात कोलॅजेनचे सूक्ष्म तंतू असतात. वयोमानाने तो पातळ होत जातो, तंतू एकत्र गोळा होतात आणि त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. हेच तरंगते ठिपके. डोळा फिरवला की ते मागोमाग सरकतात. निरभ्र आकाश, पांढरी भिंत किंवा संगणकाचा पडदा पाहताना ठळक दिसतात. वर्षानुवर्षे असलेले, न वाढणारे थोडे ठिपके सहसा निर्धोक असतात.

चमका व पडदा सुटणे : बहुधा पन्नाशीनंतर, आणि जास्त उणा नंबर असणाऱ्यांत त्याआधीही, काचाभ पिंड आक्रसून दृष्टिपटलापासून सुटतो. तो जेथे चिकटून राहतो तेथे पडद्याला ताण बसतो. दृष्टिपटल कोणत्याही उद्दीपनाला प्रकाशाच्याच रूपात प्रतिसाद देते, म्हणून हा ताण कडेला क्षणभर लखलखणाऱ्या चमकांच्या रूपाने जाणवतो. अंधारात डोळा हलवताना त्या जास्त कळतात.

हा बदल बहुतेकांत अपाय न करता पार पडतो. परंतु अचानक ठिपके व चमका सुरू झालेल्या सु. १० ते १५ टक्के रुग्णांत दृष्टिपटल फाटलेले आढळते. फाटताना एखादी रक्तवाहिनी तुटली तर काजळीचे कण उधळल्यासारखे असंख्य ठिपके एकदम दिसू लागतात. फटीतून द्रव पडद्यामागे शिरला की पडदा उचलला जातो आणि नजरेच्या एका बाजूने सावली पुढे सरकत येते. यालाच बोलीत ‘पडदा सरकणे’ म्हणतात. सुटलेल्या भागातील प्रकाशग्राही पेशींचा मागील थरातून होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटतो. पडद्याचा मध्यबिंदू सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर वाचण्याइतकी नजर टिकण्याची शक्यता बरीच वाढते. जास्त उणा नंबर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळ्याला मार, कुटुंबातील इतिहास आणि दुसऱ्या डोळ्याचा पडदा पूर्वी सुटलेला असणे, यांमुळे धोका वाढतो.

इतर प्रकार : अर्धशिशीत चकाकणारी नागमोडी आकृती हळूहळू पसरत जाते आणि बहुधा तासाभराच्या आत विरते. ती मेंदूच्या दृष्टिकेंद्रात उगम पावत असल्याने दोन्ही डोळ्यांना दिसते; पुढे डोके दुखेलच असे नाही. सरळ रेषा, उदा. दाराची चौकट, मध्ये वाकलेली दिसणे हे मध्यबिंदूच्या विकाराचे लक्षण आहे. दिव्याभोवती रंगीत वलये, डोळा लाल होऊन तीव्र ठणका व उलट्या हे तीव्र काचबिंदूचे चित्र होय. जुन्या मधुमेहात नाजूक रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो आणि ठिपके किंवा जाळे दिसते. एका डोळ्याची नजर काही मिनिटे जाऊन परत येणे हा पक्षाघाताचा इशारा असू शकतो. नजर परतली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचारांचा विकास : हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रांतर्दर्शक प्रसिद्ध केल्यानंतर जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहता येऊ लागले. तरीही सुटलेला पडदा बसवणे दीर्घकाळ जवळजवळ अशक्य होते. लोझान येथील झ्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की पडद्यातील फट हेच मूळ कारण असून ती बंद केल्यास पडदा पुन्हा चिकटतो. आजही उपचारांचा पाया तोच आहे. पडदा सुटण्यापूर्वी सापडलेली फट लेझरने किंवा अतिशीत उपचाराने, बहुधा दाखल न होता, बंद करता येते. सुटलेल्या पडद्याला शस्त्रक्रिया लागते. त्यांपैकी काचाभ पिंड काढण्याची आधुनिक पद्धत रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या दशकात विकसित केली.

डॉक्टरांकडे केव्हा जावे : पुढीलपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे : अचानक नव्या ठिपक्यांचा वर्षाव, नव्याने सुरू झालेल्या चमका, बाजूने येणारी सावली, नजर एकाएकी कमी होणे, रेषा वाकड्या दिसू लागणे, मार लागल्यानंतर यांपैकी कोणतेही लक्षण. एक डोळा सुजला वा लाल झाला तर तो लगेच कळतो. नजर गेली तर दुसऱ्या डोळ्यामुळे ते लपून राहते. म्हणून एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय उपयुक्त आहे. डोळे वाकडे होणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे सोबत असेल, तर थेट तातडीच्या विभागात न्यावे.

चष्म्याच्या दुकानातील नंबर तपासणीत पडद्याच्या कडा दिसत नाहीत. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. नंतर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे आणि गाडी चालवू नये. पहिल्या तपासणीत फट नसली, तरी ती पुढील काही आठवड्यांत पडू शकते. डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणी टाळू नये. मध, गुलाबपाणी किंवा काजळ घालून फट बुजत नाही, आणि त्यात गेलेला प्रत्येक दिवस नजर वाचवण्याच्या संधीतून वजा होतो.